आळ्याला थांबलेली चार पोरं

आळेफाट्याला एसटीतून उतरलं की पुणे-नाशिक रस्त्याचा गलका अंगावर येतो. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता इथंच त्याला छेदतो. कांद्याच्या पिशव्यांनी टेकीला आलेले टेम्पो, टोमॅटोची क्रेटं, चहाच्या टपऱ्या. नगरच्या बाजूला थोडं पुढं गेलं की आळे लागतं, आणि आळ्याला रेड्याची समाधी.

माझी आजी घोडनदीकाठच्या कळंबची. समाधीवर डोकं टेकवण्याआधी ती हात फिरवायची. गोठ्यातल्या जनावराच्या कपाळावर फिरवतात तसाच, शिंगांच्या मधोमध, वरून खाली, सावकाश. ज्ञानोबांच्या सांगण्यावरून तो वेद बोलला, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. म्हणायची, "लई चाललं बाबा हे. दमलं इथं."

वेद बोलणारा रेडा मी पडद्यावर पाहिला. 'प्रभात'चा 'संत ज्ञानेश्वर', १९४० सालचा, दामले-फत्तेलालांचा. आषाढीला दूरदर्शनवर लागला होता. रेडा बोलू लागला तसे घरातले सगळे हात जुळले, माझेही. शाहू मोडकांचा तो शांत, तेजाळ चेहरा मराठी माणसाच्या देवघरात कायमचा जाऊन बसला. पण त्या चेहऱ्यावर थकवा कुठं दिसत नाही, आणि मला आता थकवाच शोधावासा वाटतो.

ज्ञानोबा, तुझं वय किती होतं रे?

१२९० साली नेवाशाला, खांबाला टेकून तू गीता मराठीत सांगितलीस. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. नऊ हजारांवर ओव्या. तू जेमतेम पंधरा वर्षांचा. त्याआधी पैठणला ब्रह्मवृंदासमोर उभं राहावं लागलं होतं. त्याच्याही आधी आईबाप गेले होते. संन्याशाची पोरं म्हणून तुम्हा चौघा भावंडांना वाळीत टाकणाऱ्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं होतं. ज्यांनी दारात उभं केलं नाही, त्याच लोकांनी मग पाय धरायला गर्दी केली. इतकं मोठं नाव इतक्या कोवळ्या खांद्यावर आमच्या भाषेत दुसऱ्या कुणाच्या पडलं असेल, असं मला वाटत नाही.

आणि नाव तरी काय दिलं आम्ही? माउली. मिसरूड फुटायच्या वयाच्या, आईविना पोराला आम्ही आई केलं. सातशे वर्षं झाली, वारीत शेजारच्यालाही त्याच नावानं हाक मारतो. त्या हाकेत आमचं सगळं प्रेम आहे, हे खरं. पण लेकरू म्हणून कुणाच्या मांडीवर डोकं टेकवायची सोय आम्ही तुला ठेवली नाही. एकदा लोकांच्या बोलण्यानं तू विटलास, झोपडीची ताटी लावून आत बसलास. बाहेर उभी राहून समजूत घालायला कोण होतं, तर बहीण मुक्ता. तुझ्याहून चार वर्षांनी धाकटी.

चमत्कारांच्या गोष्टी मला नकोत असं नाही. भिंत चालते, मांडे भाजतात, ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या दाटीत लिहिणारा पोरगा दिसेनासा झाला याचं वाईट वाटतं. एकनाथमहाराजांची कथा सांगतात ना, अजानवृक्षाची मुळी तुझ्या कंठाला लागली म्हणून तू स्वप्नात जाऊन त्यांना हाक मारलीस. पुढं १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. गळ्याभोवतीची ती मुळी मला अजून सैल झालेली वाटत नाही.

म्हणून मी आळ्याला येतो. परंपरा सांगते, नेवाशाहून आळंदीला परतताना रेड्यानं इथं देह ठेवला आणि तुम्ही चौघांनी त्याला समाधी दिली. इथं वाद जिंकायचा नव्हता, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. बरोबर चाललेलं एक मुकं जनावर गेलं आणि चार पोरं थांबली. आईबापाला मूठमाती द्यायला मिळाली नव्हती. ती सगळी माती तुम्ही इथं लोटली असेल. रडला असशील तर इथंच, मोकळेपणी.

पुढं फार दिवस नव्हते. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला तू समाधी घेतलीस, एकविसाव्या वर्षी. वर्षभरात सोपान, मुक्ता, निवृत्तीही गेले.

आळ्याहून आळंदीला जायचं तर कुकडी ओलांडायची, मग मीना, मग घोड, मग भीमा. कळंबच्या काठावर धुणं पिळता पिळता आजी एकदा थांबली. पावसाळ्याचे दिवस, पाणी गढूळ, कमरेच्या वर. बराच वेळ पलीकडच्या काठाकडं बघत राहिली.

"आळ्याआधीच्या नद्यांना धाकटी रेड्याच्या पाठीवर बसत असंल," ती म्हणाली. "हितनं तिला कोणी उचललं असंल रं?"