मरणाची भीती आणि मरणाचे भान

वसतिगृहात राहिलेल्या कोणाही विद्यार्थ्याला भुतांच्या गोष्टी बाहेरून आणाव्या लागत नाहीत. मुळशीत तर त्या आपोआप जन्म घेतात. चार महिने कोसळणारा पाऊस, दिवसाही डोंगर दिसू न देणारे धुके, वीज गेली की खोलीत शिरणारा अंधार आणि पलीकडे पसरलेले धरणाचे पाणी. या पाण्याखाली गावे आहेत, हे आम्हांला पहिल्याच पावसाळ्यात मोठ्या मुलांनी सांगितले. रात्री तिथून जात्याची घरघर ऐकू येते, ही त्यांची स्वतःची भर. नारायण धारपांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ग्रंथालयाच्या कपाटात क्वचितच सापडत. त्या नेहमी कोणाच्या तरी उशीखाली असत.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी ही आवड ओळखली आणि एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाच्या दोन कथा मराठीतून सांगितल्या. १८३९ सालच्या कथेत अशर घराण्याचा जुना वाडा आहे. त्याच्या भिंतीवरून छपरापासून खाली उतरलेला एक बारीक तडा आहे, आणि शेवटी तो वाडा दुभंगून समोरच्या तळ्यात गडप होतो. १८४२ सालच्या कथेत एक राजपुत्र साथीला भिऊन हजार मित्रांसह गढीत दारे बंद करून बसतो. आत सात दालने, शेवटचे काळे, त्यात एक काळे घड्याळ. त्याचे ठोके पडले की नाचणाऱ्यांचे पाय थबकतात. एके रात्री मुखवट्यांच्या समारंभात मृत्यूच पाहुणा होऊन आत येतो. तडा म्हणजे संपत आलेला वंश, घड्याळ म्हणजे सरत चाललेले आयुष्य, मुखवटा म्हणजे माणसाने स्वतःशी केलेली लपवाछपवी, असे सरांनी फळ्यावर मांडून दाखवले. अशा कथांना गॉथिक कथा म्हणतात, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

तळ्यात बुडालेल्या वाड्याची गोष्ट मात्र आमच्यापैकी एकाला फारशी अद्भुत वाटली नाही. त्याच्या पणजोबांचे घर खरोखरच मुळशीच्या पाण्याखाली होते. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी येथील जमिनी गेल्या, त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरीही धरण झाले आणि गावे बुडाली. पोच्या कथेतील वाडा बुडतो, तेव्हा एका घराण्याच्या अंताचे ते प्रतीक ठरते. आमच्या मित्राच्या घराला प्रतीक होण्याची सवड मिळाली नाही. ते नुसतेच बुडाले. प्रतीक आणि वास्तव यांतील हे अंतर आमच्या मनात तेव्हापासून राहिले.

त्याचा अर्थ उलगडला तो दहावीच्या वर्षी. त्या पावसाळ्यात आमच्या एका वर्गमित्राचे वडील वारले. ते दगडखाणीत कामाला होते. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून तो परत आला आणि गप्प झाला. त्याच्याशी काय बोलावे हे आम्हां कोणालाच सुचेना. भुतांच्या गोष्टी त्या दिवसापासून बंद झाल्या. मरण हा शब्द आता खोलीत उच्चारण्याजोगा राहिला नव्हता.

अशा वेळी मराठीच्या बाईंनी अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचून दाखवली. पोटासाठी मुंबईच्या उपनगरात आलेला भीमा खाणीत राबतो. खाण बंद पडते. एके दिवशी चितेच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि मग राख चाळणे, प्रेते उकरणे हाच त्याचा धंदा होतो. एका रात्री प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. ती तो जिंकतो; पण सोन्यासाठी प्रेताच्या तोंडात घातलेली बोटे जबड्यात अडकतात. डॉक्टरांना दोन बोटे काढावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा तो भीमा लहान मुलासारखा रडतो.

स्मशान, अंधार, कोल्हे, प्रेत, असा गॉथिक कथेचा सारा सरंजाम येथे आहे. नाही ते फक्त भूत. राजपुत्र मरणापासून पळतो, भीमा भाकरीसाठी मरणाकडे चालत जातो. मिटणारा जबडा हे मृत्यूचे प्रतीक खरेच. पण भीमाला खरा चावा घेतला तो भुकेने. वाचन संपल्यावर आमचा तो मित्र इतक्या दिवसांनी प्रथमच बोलला. तो म्हणाला, “बाई, माझ्या बापाचे हात असेच होते.” त्या संध्याकाळी तो आम्हांला वडिलांविषयी सांगत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो.

किसा गोतमीची कथा आम्ही वंदनेच्या वेळी अनेकदा ऐकली होती. मेलेले मूल घेऊन औषध मागणाऱ्या त्या मातेला तथागतांनी ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मोहरी प्रत्येक घरी होती, मरणही प्रत्येक घरी होते. ही कथा त्या संध्याकाळनंतर आम्हांला निराळी दिसू लागली. राजपुत्राने दारे बंद केली आणि आतले सारे एकेकटे मेले. गोतमी दारोदार फिरली, तिला मरणावर औषध मिळाले नाही. पण प्रत्येक उंबरठ्यावर तिच्यासारखेच दुःख भोगलेले माणूस मिळाले. अनित्यतेचा उपदेश पुस्तकात वाचणे वेगळे आणि मित्राच्या शेजारी बसून तो समजणे वेगळे.

आज आमच्यापैकी काहींची मुले याच शाळेत शिकतात. भयकथा वाचतो म्हणून पाल्यावर रागावणाऱ्या पालकांना आमचे नम्र सांगणे आहे, की त्या वाचू द्याव्यात. मुले मरणाविषयी विचारण्यासाठी प्रथम भुताचेच नाव घेतात. त्यांना धारप वाचू द्यावेत, पो वाचू द्यावा, आणि योग्य वेळी अण्णा भाऊही त्यांच्या हाती द्यावेत. म्हणजे मेलेल्यांची भीती सरून जिवंतांची काळजी सुरू होईल. आम्हांला हा क्रम या शाळेने दिला, त्याची कृतज्ञ नोंद या स्मरणिकेत राहावी, एवढीच इच्छा.