खडूची फुली

परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक जुना लिफाफा सापडला. आत हाताच्या पंजाएवढी एकच फिल्म. नातवाने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "आजोबा, ही खराब झालीय. दोन फोटो एकात एक मिसळलेत."

खराब झाली नाही, मीच केली होती. ती कशी, ते आज लिहितो.

गोष्ट १९६८ सालची, आमच्या पाचोडची. मी तेव्हा अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होतो. गावात एकच फोटोवाले होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानी हाताखाली काम करायचो. पगार असा नव्हता, पण अंधाऱ्या खोलीत शिरायला मिळायचे हेच खूप होते.

त्यांचा कॅमेरा लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, मध्ये कातडी भाता. तीन पायांच्या स्टॅन्डवर तो उभा करायचा, डोक्यावरून काळे फडके घ्यायचे आणि मागच्या दुधी काचेत बघायचे. त्या काचेत सगळे जग उलटे दिसे. माणसांचे पाय वर, डोकी खाली, डावे ते उजवे. मामा म्हणायचे, "उलट्यात ज्याला सुलटं दिसतं तोच फोटोवाला."

आजच्या मुलांना हे सांगावे लागते की त्या कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नसे. एका फोटोला एक सुटी फिल्म. मामा तिला 'प्लेट'च म्हणत, कारण त्यांच्या वडिलांच्या वेळी ती खरोखर काचेची असायची. हाफ साइज म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. लाकडी चपट्या पेटीच्या दोन बाजूंना दोन प्लेटा अंधारात भरायच्या, वर सरकती पट्टी लावायची. दुधी काचेत सगळे नीट जुळले की लेन्सला टोपी लावायची, पेटी मागे बसवायची, पट्टी ओढायची, टोपी काढून "एक... दोन" मोजायचे, टोपी परत, पट्टी परत. मग त्या पट्टीवर खडूने फुली. फुली म्हणजे ही बाजू झाली, आता इला हात लावायचा नाही. ती फुली मारायचे काम माझे होते.

प्लेटा गुलमंडीवरून आणाव्या लागत. औरंगाबादला एस.टी.ने जायचे, त्यात अर्धा दिवस जायचा. म्हणून मामा एकही प्लेट वाया जाऊ देत नसत.

आमच्या निरोप समारंभाचा फोटो काढायला मामा शाळेत आले ते दोनच प्लेटा घेऊन. एक वर्गासाठी. दुसरीवर माझ्या बापूंचा फोटो काढू, असे त्यांनी आपणहून सांगितले होते. माझ्या कामाचा मोबदला म्हणा हवे तर. बापूंचा तोवर एकही फोटो नव्हता.

वर्गाचा फोटो झाला. मीही मागच्या रांगेत बाकावर उभा होतो. मामांनी पेटी काढून माझ्या हातात दिली, "फुली मार" म्हणाले आणि मुख्याध्यापकांशी बोलायला वळले. तेवढ्यात फाटकातून बापू येताना दिसले. शेतातून थेट आले होते, पण पागोटे धुतलेले, पांढरे शुभ्र. शाळेच्या आत ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते. मी पेटी खुर्चीवर ठेवली आणि पळत त्यांना आणायला गेलो. खडू खिशातच राहिला.

मामांनी बापूंना वर्गाच्या काळोख्या दारासमोर बसवले. पेटी उचलली. दोन्ही पट्ट्या कोऱ्या. कुठलीही बाजू घेतली तरी चालेल असे त्यांना वाटले असणार.

प्लेटा धुवायच्या त्या रात्रीच. आमच्याकडे मार्चपासून पाणी इतके तापते की औषधात फिल्मवरचा थर मऊ पडून सुटायला लागतो. खरे तर वीस अंश हवे. पाचोडला तेव्हा बर्फ कुठला? मामा दिवसभर माठाला ओले पोते गुंडाळून ठेवत आणि रात्री दहानंतर त्या पाण्यात मेटॉल-हायड्रोक्विनोनचे औषध कालवत. हायपोत थोडी तुरटी टाकत, थर घट्ट व्हावा म्हणून. त्या प्लेटांना लाल उजेड चालत असे, म्हणून लाल काचेच्या कंदिलात सगळे बघता यायचे.

मामा ट्रे हलवत होते. आधी आमच्या वर्गाचे सदरे उमटले. निगेटिव्हमध्ये पांढरे ते काळे, म्हणून काळ्या चौकोनांच्या रांगा. आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये एक मोठा काळा गोळा वर आला. बापूंचे पागोटे.

दुसरी प्लेट टाकली. ती तशीच राहिली, दुधासारखी कोरी.

मामा फक्त म्हणाले, "फुली?" मी काही बोललो नाही. तेही नंतर काही बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी वर्गाचा फोटो स्वतःच्या पैशाने पुन्हा काढला. बापूंना मी सांगितले, "तुमचा पुढच्या खेपेला काढू." ते हसले, "काढू की. काय घाई हाय?"

१९७० च्या पावसाळ्यात बापू गेले. ती पुढची खेप आली नाही.

दिवसवार झाल्यावर मायने विचारले, "मामाकडं ती फिलम असंल ना?" मामांनी तिची प्रत काढून दिली. पागोटे स्वच्छ आले होते, सदरा आला होता, गुडघ्यावरचे हात आले होते. चेहरा नव्हता. त्या जातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे उन्हात रापलेला चेहरा फारच काळा उतरतो. आणि फिल्मवर जिथे काळोख, तिथे दुसरे चित्र शिरते. बापूंच्या चेहऱ्याच्या जागी दुसऱ्या रांगेतल्या तीन पोरांचे सदरे होते. मामांनी शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर दुरुस्ती करून बघितली, पण जमले नाही. मायने ती तसबीर तशीच भिंतीवर लावली. तिने मला कधी बोल लावला नाही. उलट आल्यागेल्याला सांगायची, "ह्यो आमच्या पोराचा वर्ग, अन् त्याच्यात हे बसलेत."

पुढे मी मास्तर झालो. आपल्याच जिल्ह्यातल्या मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट मुलांना सांगायचो. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने पुढे लेण्यांचे फोटोही काढले. तेव्हाची काच ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवावी लागे. मुले विचारायची, "सर, त्याला वाईट वाटलं असेल ना?" मी "हो" म्हणायचो आणि फळ्याकडे वळायचो.

असो. नातू हुशार आहे. त्याने ती फिल्म मोबाईलवर घेतली, सुलटी केली, कसल्याशा कृत्रिम बुद्धीच्या प्रोग्रॅमला दिली. दोन मिनिटांत पोरांचे सदरे गेले आणि पागोट्याखाली एक चेहरा आला. मिशी, डोळे, कपाळावरच्या आठ्या. फार देखणा चेहरा. नातू म्हणाला, "घ्या, तुमचे बापू."

मी बराच वेळ बघितले. मग त्याला जवळ बसवून सांगितले की बाळा, हा गृहस्थ कोण आहे मला माहीत नाही. बापूंची डावी भुवई खिल्लाऱ्या बैलाच्या शिंगाने फाटली होती. ते प्रोग्रॅमला कुठून कळणार? फिल्मवर जे उतरलेच नाही ते कोणालाच काढता येत नाही.

तो हिरमुसला. मग त्याने विचारले, "भुवई फाटली होती म्हणजे कशी?" मी सांगायला लागलो. बैलाचे सांगितले, पागोटे बांधायला किती वेळ लागायचा ते सांगितले, फाटकातून आत येताना त्यांनी बाहेरच चपला काढल्या होत्या ते सांगितले. हे मी माझ्या मुलांनाही कधी सांगितले नव्हते. रात्रीचे अकरा वाजले.

मोबाईलवरचे ते चित्र त्याने माझ्यादेखत पुसले. फिल्म परत लिफाफ्यात घातली. मी टेबलावरचा खडू घेतला, लिफाफ्यावर एक फुली मारली. सत्तावन्न वर्षे उशीर झाला, पण मारली.