माखलेले हात

आमच्या मुळशीत लहान मुलांना चिखलात खेळायला कुणी नेत नसे. आषाढ लागला की चिखलच दारापर्यंत येई. ताम्हिणीकडून ढग उतरले की दिवसचे दिवस उघडीप नाही. घरातली मोठी माणसं इरली घेऊन खाचरात, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आम्ही पोरं बांधावर. चिखलणी झालेल्या खाचरात पाय टाकला की बोटांच्या बेचक्यांतून गार गाळ वर यायचा. पाऊल उपसताना पचकन आवाज व्हायचा. त्या आवाजासाठी आम्ही पुन्हा पुन्हा पाय घालायचो. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या पोचवायचं काम आमच्याकडे असे, पण दोन खेपांच्या मधला वेळ सगळा आमचा.

आज सत्तरीकडे झुकताना मागे बघते, तर लहानपणचे कितीतरी चेहरे पुसट झालेत, पण तो गारवा घोट्याला अजून ठाऊक आहे. पुढे आयुष्यभर लहान मुलांतच राहिले. बालवाडीत शिकवलं, स्वतःची मुलं वाढवली, आता नातू आहे. या सगळ्या वर्षांत माखलेले हात कायम डोळ्यांसमोर राहिले. सुरुवातीला माझेच, नंतर दुसऱ्या कुणाकुणाचे इवलेसे.

चिखलात आम्ही करत काय होतो? फुटक्या करवंटीत माती आणि पाणी ढवळून ती बांधावर ठेवायचो. रेव लगेच तळाला जायची. तिच्यावर बारीक माती सावकाश बसायची, आणि वरचं पाणी मात्र संध्याकाळपर्यंत तांबूस गढूळच राहायचं. खाचरात बैलांच्या पायांखाली तेच चाललेलं असे. भातासाठी माती पाण्यात कालवतात ती याचसाठी. ढेकळं फुटतात, बारीक कण खाली बसतात, मातीतली छिद्रं बुजतात आणि पाणी जिरून न जाता खाचरात उभं राहतं. पुढे हे पुस्तकात वाचलं तेव्हा नवं वाटलं नाही. हातांनी ते आधीच शिकून ठेवलं होतं.

माझ्या आजीच्या माहेरची खाचरं मुळशीच्या धरणात गेलेली. सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 मध्ये उभा राहिला, 1924 पर्यंत चालला, पण पाणी चढायचं ते चढलंच. आजी त्याविषयी फार बोलत नसे. मात्र कुणी पोराला ‘घाणीत हात घालू नको’ म्हणालं, तर ती लगेच म्हणे, ‘माती घाण नसते गं. हात धुतले की झालं.’ तिच्या या दोन वाक्यांवर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली, असं मी आज म्हणू शकते.

चिखल पावसाळ्यापुरता, घरात मात्र बारा महिने काही ना काही कालवणं चालूच असे. सारवणाच्या दिवशी आई शेणात माती आणि पाणी घालून काला करी आणि ओटीचा एक कोपरा माझ्यासाठी सोडी. तळहात टेकवून अर्धगोल फिरवायचा, पुढचा त्याला जोडून काढायचा. काला घट्ट झाला तर हात अडखळे, पातळ झाला तर वळ उठत नसत. किती पाणी घालायचं हे कुणी सांगून कळत नाही, तळहाताला कळतं. वाळल्यावर माझ्या कोपऱ्यात वेडीवाकडी अर्धवर्तुळं दिसत. आई त्यांवरून हात फिरवत नसे.

संध्याकाळी कणीक तिंबताना ती सुपारीएवढा गोळा माझ्या हातावर ठेवी. त्याची चिमणी व्हायची, साप व्हायचा, पोळपाट-लाटणं व्हायचं. खेळून खेळून गोळा करडा पडे. पण एक नियम पक्का होता. अन्नाशी खेळ नाही. जे केलं ते तव्याच्या कडेला भाजायचं आणि ज्याने केलं त्याने खायचं. चिमणीची चोच आधी करपे, पोट कच्चं राही. जाडं लवकर शिजत नाही आणि पातळ चटकन जळतं, हा धडा मला चुलीपुढे मिळाला.

आणि दिवाळीतला किल्ला! पुण्याकडे तो घरोघरी होतो, पण आमच्या तालुक्यात खरे किल्लेच डोक्यावर उभे. आंबवण्याजवळच्या कोरीगडाची तटबंदी अजून सलग आहे, पलीकडे घनगड, तैलबैला. तसाच आपलाही गड व्हावा म्हणून दगड रचायचे, त्यावर बारदान टाकायचं आणि मातीचा राडा हातांनी थापायचा. पहिल्या थराला दुसऱ्या दिवशी भेगा पडत. मग कुणीतरी मोठं सांगे, राड्यात भाताचं तूस घाला. तूस घातलेला थर तडकत नसे. उतारावर हळीव पेरायचे, ते ऐन दिवाळीत हिरवेगार उगवत. त्या किल्ल्यात बांधकाम होतं, शेती होती, इतिहासही होता, आणि तो सगळा कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी शिकायचा होता.

पुढे बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा ताराबाई मोडक भेटल्या, पुस्तकांतून. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या या बाईंनी मॉंटेसरींची पद्धत अभ्यासली, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत भाग घेतला आणि 1945 मध्ये थेट बोर्डी गाठली. सोबतीला आल्या अनुताई वाघ. शहरातली महागडी लाकडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी ती शोधलीच नाहीत. शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे, माती, जे मुलाच्या अंगणात पडलं होतं तेच साधन झालं. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर शाळा त्याच्या पाड्यावर, त्याच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळा निघाली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळालं. आणि ताराबाई-अनुताईंच्या शाळांत मुलांना अंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिक्षणाचाच भाग होता. माखणं आणि धुणं ही दोन वेगळी शिकवण नव्हे, एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे मला तिथे नीट उमगलं. आजीही तेच म्हणत होती.

बालवाडीत मी मातीचा कोपरा ठेवला. पालकांचा पहिला प्रश्न कपड्यांचा असे, दुसरा असे, ‘बाई, अक्षरं कधी काढणार?’ मी त्यांना मुलांची बोटं दाखवायची. जे मूल मातीच्या गोळ्या वळतं, चिमटीने गव्हाचा दाणा उचलून मातीत टोचतं, ओलं फडकं दोन्ही हातांनी पिळतं, त्याचा अंगठा आणि तर्जनी पेन्सिल धरायला तयार होत असतात. बोटांत बळ नसताना अक्षर गिरवायला लावलं तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं, मनगट आखडतं आणि लिहिण्याचा कंटाळा तिथेच सुरू होतो. एक अगदी अबोल मुलगी होती. तिने घागरीजवळ बसून डाव्या हातातल्या मातीत उजव्या हाताने थेंब थेंब पाणी सोडलं, आणि माती एकाएकी मऊ झाली तशी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ऐकली!’ माती ऐकली, म्हणजे वळायला तयार झाली. बालवाडीत तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द. मुलं शब्द आधी हातात धरतात, मग तोंडात.

आता माझा नातू हिंजवडीला राहतो. तोही मुळशी तालुकाच. एका टोकाला ताम्हिणीची खाचरं, दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती. त्याच्या घरी फरशी पांढरी, कणीक यंत्रात मळली जाते, पीठ पिशवीतून येतं, अंगण म्हणजे सोसायटीची रबरी जमीन. त्याचे आईबाप माझ्यापेक्षा जास्त वाचतात. मुलाला स्पर्शाचे खेळ हवेत हे त्यांना चांगलं माहीत आहे, म्हणून डब्यातली रंगीत माती आणि पाकिटातली वाळू विकत येते. त्यांना मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी पालक अधिक शहाणे नव्हते. आमच्या घरांत काम होतं, आणि कामाच्या कडेने मुलाला खेळ फुकट मिळत होता. काम घरातून गेलं आणि खेळही त्याच्याबरोबर गेला. तो आता ठरवून परत आणावा लागतो, एवढाच फरक.

पण आणणं अवघड नाही आणि खर्चाचंही नाही. परातीत थोडी कणीक आणि वाटीत पाणी द्या. मुलाला स्वतः भिजवू द्या. आधी ती बोटांना चिकटते, मग मळता मळता बोटं सोडते. शेजारी तांदळाचं पीठ ठेवा. ते गार पाण्यात भिजवलं तर वळताना तुटतं. गव्हासारखं ग्लूटेन त्यात नाही, म्हणून भाकरीसाठी आपण उकड काढतो. उकड निवल्यावर मुलाच्या हाती द्या, फरक तोच सांगेल. कॉर्नफ्लोअरमध्ये बेताचं पाणी घाला. मुठीत दाबलं की ते घट्ट होतं, मूठ उघडली की बोटांमधून वाहून जातं. माझा नातू त्यावर थापट्या मारतो आणि बोट हळूच बुडवतो, पुन्हा थापटी, पुन्हा बोट. जोराने मारलं की अडवतं आणि हळू गेलं की आत घेतं, हे त्याने शोधून काढलं आणि मग आजोबांना शिकवलं.

हळदीने हात पिवळे करू द्या आणि मग साबण द्या. हळद तांबडी होते. आमटीचा डाग पडलेला शर्ट धुताना आपण हे कितीदा पाहतो आणि सोडून देतो. मूल सोडत नाही. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. भिजवलेला साबुदाणा, बिटाचं पाणी, गाळणी, फनेल, दोन भांडी आणि थोडा कापूस, एवढ्यावर दुपार जाते. गॅलरीत घमेलंभर माती ठेवा आणि करवंटी द्या. पुढचं मूल बघून घेईल.

काळजी घ्यायची ती घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हरभरे, वाटाणे, मणी देऊन उठून जाऊ नये. ते नाकात नाहीतर श्वासनलिकेत जातात. बादलीभर पाण्याजवळ तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नये. कच्चं पीठ तोंडात जाऊ नये. हळद साबणाचे हात डोळ्यांना लागू नयेत. माती कुत्र्यामांजरांच्या वावराची नसावी, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी, आणि खेळ संपला की साबणाने हात धुवावेत. ज्या घरात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात तिथे पिठाचा खेळ मनाला लागतो, तेही मी समजते. मग पोरकिडा लागलेलं पीठ चाळून खेळायला ठेवा, किंवा माझ्या आईचा नियम पाळा. केलं ते भाजा आणि खा.

सगळ्यात कठीण गोष्ट आपल्या बाजूला आहे. मूल माखत असताना ‘असं नको, तसं कर’ म्हणायचं नाही. चिमणी करून दाखवायची नाही. त्याने गोळा नुसता दाबत राहिलं तर दाबत राहू द्यायचं. किळस आली, हात झटकले, तर हट्ट करायचा नाही. एखादं मूल पहिले काही दिवस चमच्यानेच माती ढवळतं, मग एका बोटाने, मग हाताने. त्याची गती त्याला ठरवू द्यावी. आणि शेवटी फडकं त्याच्याच हाती द्यावं. फरशी पुसणं हाही त्याच्या खेळाचाच शेवटचा भाग आहे. तो आपण हिसकावून घेऊ नये.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. कागदावर आलं हे चांगलं झालं. पण हा टप्पा शाळेत सुरू होण्याआधी स्वयंपाकघरात सुरू होतो, आणि तिथे धोरण नाही, आपण असतो. म्हणून नव्या आईबाबांना आणि आजीआजोबांना एवढीच विनंती. आज कणीक मळाल तेव्हा सुपारीएवढा गोळा बाजूला काढा, मुलाला जुने कपडे घाला, आणि अर्धा तास फरशीकडे पाहू नका.