अलोरे : पाणी, तारा आणि वह्या

कोकणात उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या यादीत अलोरे हे नाव सहसा नसते. चिपळुणात आलेला पाहुणा परशुरामाला जातो, नाहीतर गुहागरच्या समुद्राकडे वळतो. कराडकडे निघालेला असेल तर कुंभार्ली घाटाच्या धास्तीने आधीच डोळे मिटून बसतो. अलोरे मध्येच कुठेतरी येते आणि निघून जाते. खरे तर या गावाचे आणि शहरातल्या तुमच्या-आमच्या दिव्याचे नाते अगदी जवळचे आहे. पण दिव्याखाली बसून दिवा कुठून येतो याची चौकशी कोण करतो?

मी अलोऱ्याला जाते ते मामांसाठी. चिपळूणच्या स्टँडवरून एस. टी. पकडायची, बहादूरशेख नाका आणि खडपोलीचे कारखाने मागे टाकायचे, की हवेतच फरक पडतो. ऑक्टोबरात गेलात तर दोन्ही अंगांना भातकापणी चाललेली असते आणि समोर सह्याद्रीची भिंत, अंगावर येईल अशी उभी. या भिंतीपलीकडचे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणारे. हेळवाकजवळ कोयनेला धरण घालून माणसाने ते अडवले आणि डोंगराच्या पोटातून बोगदे काढून कोकणात उतरवले. पोफळीला डोंगराच्या आत विद्युतगृह झाले. १९६२ साली तिथली वीज वाहू लागली. यंत्रातून सुटलेले पाणी वाया का घालवा, म्हणून खाली कोळकेवाडीचे धरण बांधले आणि १९७५ नंतरच्या तीनेक वर्षांत अलोऱ्याला ८० मेगावॅटची चार यंत्रे बसली. म्हणजे एकाच पाण्याकडून दोनदा दळण दळून घ्यायचे. मग ते वाशिष्ठीला मिळते आणि चिपळुणावरून समुद्राकडे जाते. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी तलावाच्या तळाखालचा खडक सुरुंगाने उडवून पाण्याला आतूनच वाट करून दिली, ती हकीकत पुष्कळांना आठवत असेल. त्या टप्प्याचे पाणीही शेवटी कोळकेवाडीलाच येते.

या कामांसाठी अलोऱ्यात मोठी वसाहत उभी राहिली. मी लहानपणी सुट्टीत यायची तेव्हा इथे देशावरची, विदर्भातली, कुठकुठली माणसे होती. एका ओळीत चार बोलींची मराठी ऐकू यायची. आज कित्येक क्वार्टरांच्या छपरांतून झाडे वर आली आहेत. बांधकाम संपले की बांधणारे जातात, हे ठीकच. पण चालवणारेही पूर्वीइतके लागत नाहीत, ते का, याचे उत्तर मला मामांच्या ओटीवर मिळाले.

मामा १९६८ साली, कोयनेच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, वीज मंडळात लागले आणि २००५ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी ६ जूनला मंडळाचेही विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. 'मी आणि मंडळ बरोबरच रिटायर झालो,' हा त्यांचा ठरलेला विनोद. त्यांचे काम टेलिफोनचे; साध्या टेलिफोनचे नव्हे, तर 'कॅरिअर'चे. हा प्रकार मोठा गमतीचा आहे. मनोऱ्यांवरून ज्या तारांतून वीज जाते, त्याच तारांवर बोलणेही चढवायचे. वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, बोलणे त्याहून फार वरच्या, हजारोंच्या हेलकाव्यांवर बसवतात. दोन्ही एका तारेवरून जातात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत. उपकेंद्रात तारेच्या टोकाला पिंपासारखी एक गुंडाळी टांगलेली दिसते ना, ती बोलणे बाजूला वळवते आणि विजेला पुढे सोडते.

"अगं, साधा ट्रंक कॉल लागायला तासन्तास जायचे तेव्हा आम्ही घाटावर असे शेजारी असल्यासारखे बोलायचो," मामा सांगतात. "पण त्या फोनवर घरगुती बोलणे नाही हं! किती मशीन चालू, किती लोड, पाण्याची पातळी किती. तासातासाला आकडे सांगायचे आणि पलीकडच्याने वहीत उतरवून घ्यायचे."

आता ते आकडे कोणी तोंडाने सांगत बसत नाही. यंत्राजवळचे मोजमाप दर काही सेकंदांनी आपोआप ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे जाते. मनोऱ्याच्या माथ्यावर विजेपासून रक्षण करणारी जी तार असते, तिच्याच पोटात आता पुष्कळ ठिकाणी केसासारखे काचेचे तंतू घातलेले असतात आणि निरोप त्यांतून उजेडाच्या रूपाने धावतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात कोणी किती वीज द्यायची ते आधी ठरते. मागणी आणि पुरवठा यांचा मेळ चुकला की ते ५० हेलकावे कमी-जास्त होतात, आणि मेळ पुन्हा जमवण्यासाठी कोयनेसारखे केंद्र हाताशी लागते. कोळशाच्या भट्टीला तापायला तास लागतात, पाण्याचे यंत्र काही मिनिटांत फिरू लागते.

मागच्या खेपेला माझा भाचाही आला होता. मामांचा हा नातू पुण्याला एका कंपनीत 'बिझनेस सॉफ्टवेअर'वर काम करतो. ते काय असते हे त्याने घरात अनेकदा सांगितले आणि कोणाला कळले नाही. त्या दिवशी ते कळले, त्याचे श्रेय मामींच्या वीजबिलाला. मामींनी फोनवर बिल भरले आणि सहज विचारले, "हे पैसे गेले कुठून रे?"

भाच्याने सांगितले ते असे. फोनमधला निरोप अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात आणि प्रत्येकावर कोठून, कोठे आणि कितवे ते लिहिलेले असते. ओटीवरचा लुकलुकणारा डबा, म्हणजे राउटर, पत्ता वाचून पाकीट पुढच्या नाक्यावर ढकलतो. तिथे दुसरा राउटर, मग तिसरा. एक रस्ता बंद असला तर दुसरा. वाटेत हरवलेले पाकीट पुन्हा मागवतात आणि शेवटी सगळी क्रमाने लावून निरोप जुळवतात. पण पत्ता आकड्यांचा असतो आणि माणसाला लक्षात राहते ते नाव. म्हणून नाव सांगितले की आकडा सांगणारी एक सोय जगभर पसरलेली आहे.

"म्हणजे एक्स्चेंजमधली ऑपरेटर!" मामा म्हणाले.

पलीकडे सर्व्हर बसलेला. सर्व्हर म्हणजे कोणी अजब प्राणी नव्हे. मागेल त्याला हवे ते काढून देण्यासाठी अहोरात्र जागा असलेला कॉम्प्युटर. त्याच्या दारात 'फायरवॉल', म्हणजे कोणते पाकीट आत सोडायचे आणि कोणते परतवायचे ते ठरवणारा देवडीवाला. आणि आत 'डेटाबेस', सगळ्या ग्राहकांची खातेवही. तिचा नियम मोठा कडक : बँकेतून पैसे वजा होणे आणि बिल भरल्याची नोंद होणे, दोन्ही झाले तरच व्यवहार खरा. मध्येच काही तुटले तर झालेले अर्धे उलटवून हिशेब पूर्ववत करावा लागतो.

मामांना हे सारे फार ओळखीचे वाटत होते. मी मराठीची प्राध्यापिका. मला गंमत वाटली ती शब्दांची. आम्ही या विद्येला 'महाजाल' आणि काय काय भारदस्त नावे देऊन पाहिली, ती बहुतेक कागदावरच राहिली. इकडे अलोऱ्याच्या ओटीवर आजोबा-नातवाला शब्दांची अडचणच पडत नव्हती. भाचा घरून कंपनीचे काम करतो तेव्हा सार्वजनिक इंटरनेटमधूनच, पण कुलूपबंद वाटेने जातो. तिला त्याच्या धंद्यात 'टनेल'च म्हणतात. मामा लगेच म्हणाले, "आमच्याकडेही बोगदेच!" पुढे फोनवर सिनेमा अडखळला, गोल चक्र फिरू लागले, तेव्हा भाच्याने 'बफर'चा अर्थ सांगितला : येणाऱ्याचा वेग निराळा, खर्चणाऱ्याचा निराळा, म्हणून मध्ये थोडा साठा ठेवायचा. मामा खुर्चीतून पुढे झुकले. "अरे, हे तर कोळकेवाडी! वरून पाणी येते ते वरच्यांच्या सोयीने, खाली सोडायचे ते खालच्यांच्या सोयीने. मधला तलाव ते सांभाळून घेतो."

इतकी चपखल व्याख्या पुस्तकात मिळायची नाही.

मग गाडी आली भाच्याच्या खऱ्या कामावर. पूर्वी स्टोअरमधून एक बेअरिंग काढायचे तर इंडेंट लिहायचे, स्टोअरच्या वहीत वजा करायचे, हिशेब खात्याकडे कागद पाठवायचा, संपत आले तर खरेदीवाल्यांना कळवायचे. चार टेबले, चार वह्या, आणि महिनाअखेर चौघांचे आकडे जुळेनात म्हणून रात्रीचे दिवे. १९७२ साली जर्मनीत पाच अभियंत्यांनी 'सॅप' नावाची कंपनी काढली, ती या दुखण्यावरच. नोंद एकदाच करायची. साठा, हिशेब, खरेदी, पगार सर्वांनी तीच पाहायची. आज जगातल्या असंख्य कारखान्यांत आणि आपल्या वीज कंपन्यांतही ही पद्धत आहे. तिला ईआरपी म्हणतात. चार वह्यांची एक वही झाली, हे चांगलेच झाले. पण त्या चार टेबलांमागे चार घरे होती, आणि ती याच ओळीतल्या क्वार्टरांत राहत होती. मामींनी बोट दाखवून एकेकाचे नाव सांगितले. भाचा गप्प झाला. मला वाटते, आपल्या कामाचे हे टोक त्याने प्रथमच पाहिले असावे.

एक गोष्ट मात्र मामांना पटत नाही : सगळे सगळ्याला जोडणे. जाणकार या बाबतीत त्यांच्याच बाजूचे आहेत. यंत्रे चालवणारे जाळे आणि कचेरीतले ई-मेल-बिलांचे जाळे वेगळे ठेवावे, असा शहाणपणाचा दंडक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे राज्य सरकारने त्यात संगणकी घातपाताचा संशय बोलून दाखवला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. खरे काहीही असो. असा संशय घेता येतो, हीच नवी गोष्ट. पूर्वी कॅरिअरवर चोरून ऐकायचे म्हटले तरी मनोऱ्याशी झटावे लागले असते!

इथल्या पाण्याचीही खातेवही आहे. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या कोयनेच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. १ जूनला नवे खाते उघडते. धरण जलसंपदा खात्याचे, वीज काढणारी कंपनी निराळी, तहानलेले शेतकरी घाटावरचे. त्यामुळे या खात्यातला आकडा सर्वांना एकच दिसला पाहिजे. नाहीतर भांडण बांधावरच्यासारखे, फक्त बांध शंभर मैलांचा!

पण अलोऱ्याच्या खाली जे घडते ते सगळे खात्यात मावत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. कोळकेवाडीच्या पाण्याचा त्यात किती हात, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. मामा या विषयावर बोलत नाहीत आणि आम्ही काढत नाही. त्या दिवशी वीज गेली, मोबाईलचे मनोरे मुके झाले, आणि अवघ्या १५-२० किलोमीटरवरच्या चिपळुणात आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे उभी हयात निरोप पोचवण्यात घालवलेल्या माणसाला दीड दिवस कळले नाही. शेवटी एक ओळखीचा मोटरसायकलवाला चिखल तुडवीत वर आला आणि सांगून गेला.

दादाचे, म्हणजे माझ्या मामेभावाचे, हार्डवेअरचे दुकान आहे. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा कॉम्प्युटर काउंटरखाली चिखलात उताणा पडला होता. आदल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यालाच हळदकुंकू वाहिले होते. टॅलीमधला सगळा हिशेब त्याच्या पोटात. प्रत काढलेली पेन ड्राईव्ह त्याच काउंटरच्या खणात. "बॅकअप होता ना?" असे भाच्याने फोनवर विचारले, तेव्हा दादा नुसता हसला. तरी अर्धा हिशेब परत आला. व्यापाऱ्यांना दिलेली बिले २०१७ च्या जुलैपासून जीएसटीच्या सर्व्हरवर चढत होती. ती तिथे, या पुरापासून दूर, कोरडी होती. पुरवठादारांकडे त्यांच्या नोंदी होत्या, बँकेकडे बँकेच्या. भाच्याने आठवडाभर खपून त्यांतून खाते पुन्हा उभे केले.

राहिली उधारी. ती कोणत्याच सर्व्हरवर नव्हती. दादाच्या हातच्या लांबट लाल वहीत होती, आणि वहीचा लगदा झालेला. गवंडी, सुतार, पोफळी-शिरगावकडचे घर बांधणारे लोक, कुणाचे चारशे, कुणाचे चाळीस हजार. दिवाळीपर्यंत साधारण निम्मे लोक आपण होऊन आले आणि आकडा सांगून गेले. कुणी पैसे दिले, कुणी नुसताच आकडा. काहींनी दादाला आठवत होता त्यापेक्षा जास्त सांगितला. निम्मे आले नाहीत. त्यांतल्या कित्येकांची घरेच पाण्याखाली गेली होती, तेव्हा त्यांना कोणी काही म्हणाले नाही.

आता दुकानात नवा कॉम्प्युटर आहे आणि हिशेबाची प्रत रोज रात्री आपोआप दूरच्या सर्व्हरवर जाते. भाच्याने ती व्यवस्था करून दिली. उधारीही त्यातच घाल, असे तो बापाच्या मागे लागला आहे. दादा हो म्हणतो आणि वहीत लिहितो. वही मात्र रात्री दुकान बंद करताना माळ्यावर चढवून ठेवतो, पुराच्या खुणेच्या दोन हात वर.