घरची आठवण

नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे भामरागडला येतो. येताना कपडे कमी आणि वायरी जास्त! यंदा त्याच्याबरोबर निन्टेंडो स्विच नावाचे यंत्र आले. दुपारी इथे ऊन असे की पर्लकोटेच्या काठी जायची सोय नाही. म्हणून मीही त्याच्या शेजारी बसू लागलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी व्हिडिओ गेम! आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

गेमचे नाव अर्थबाउंड. १९९४ साली जपानमध्ये निघाला, १९९५ साली अमेरिकेत गेला आणि तिथे साफ आपटला. चित्रे लहान मुलाच्या वहीतल्यासारखी, आणि जाहिरातीत काय, तर म्हणे ह्या गेमला घाण वास येतो! कोण घेणार? पण ज्या थोड्यांनी खेळला त्यांनी त्याला जीव लावला, आणि २०२२ साली तो ह्या नव्या यंत्रावर आला. लिहिणारे शिगेसातो इतोई हे जपानमधले जाहिरातींचा मजकूर लिहिणारे नावाजलेले गृहस्थ.

गोष्ट साधी आहे. टोपी घातलेला एक शाळकरी मुलगा जगावरचे संकट निवारायला घराबाहेर पडतो. हातात तलवार नाही, बेसबॉलची बॅट. वाटेत पिसाळलेली कुत्री, खोडसाळ कावळे आडवे येतात. पण हरले तरी मरत नाहीत, माणसाळतात. माणसे असली तर भानावर येतात. मला हे फार आवडले. वडील फक्त फोनवर भेटतात. त्यांना फोन केला की खेळ जपून ठेवला जातो, आणि बँकेत पैसेही तेच टाकतात. सुरुवातीला गेम आपले आवडते खाणे विचारतो. नातवाने माझ्यासाठी इंग्रजी अक्षरांत ‘पिठलं’ लिहिले.

चौथ्या-पाचव्या दिवशी गंमत झाली. लढाई ऐन रंगात, आणि आमचा मुलगा बॅट उचलेचना. पडद्यावर काय आले म्हणता? त्याला आईच्या हातच्या पिठल्याची आठवण येतेय! मी हसलो.

‘‘आजोबा, त्याला होमसिक झालंय,’’ नातू म्हणाला.

‘‘मग औषध दे की.’’

‘‘औषधाने नाही जात. आईला फोन करायचा.’’

त्याने फोन लावला. आई दोन शब्द बोलली आणि मुलगा ठीक झाला. माझे हसू मात्र तिथेच थांबले.

१९८१ साली मी ह्या भागातल्या एका आश्रमशाळेत रुजू झालो. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून एक वर्ष होते, आम्ही चंद्रपूरचेच होतो. मुले माडिया, पुस्तके मराठी. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. मोहफुले पडू लागली की मुले पळत. आम्ही त्याला ‘पळून जाणे’ म्हणत असू. दुसरा शब्द आम्हाला सुचलाच नाही.

तिसरीतला एक मुलगा असाच गेला. मी शिपायाला घेऊन पाच कोस जंगल तुडवत त्याच्या गावी पोचलो. तो आईशेजारी मोहफुले वेचत होता. मला बघून तिच्या लुगड्यामागे गेला. त्या बाईने काही न बोलता मला आंबील दिली. मी ती प्यायलो, आणि उन्हे उतरायच्या आत तिच्या मुलाला घेऊन निघालो. वाटेत शिस्तीवर बोललो. कोणत्या भाषेत बोललो ते आता आठवून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गापुढे उभे केले.

पावसाळ्यात तो पुन्हा गेला. नद्यांना पूर, रस्ते बंद. पूर ओसरल्यावर कोणी गेले नाही, मीही नाही. पटावरून त्याचे नाव मीच कमी केले. कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘सतत गैरहजर’.

गणित काय, आज ना उद्या येतेच. पण एवढी वर्षे शिकवूनही मला जे कळले नव्हते, ते जाहिराती लिहिणाऱ्या एका माणसाला पोरांच्या खेळात लिहावेसे वाटले: घरची आठवण हा गुन्हा नाही, ती जखम आहे. त्या खेळाचे मूळ जपानी नावही ‘मदर २’ आहे, हे नातवाने मला नंतर सांगितले.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘पण आजोबा, तेव्हा तुमच्याकडे फोन कुठे होता?’’

मला सोडवायलाच म्हणाला असेल बिचारा. फोन नव्हता हे खरेच. पण मी त्याच्या अंगणात बसलो होतो, आई समोर होती. एक रात्र त्याला तिथे झोपू दिले असते आणि सकाळी निघालो असतो, तर शाळेचे काय बिघडले असते?

असो. नातू परवा पुण्याला गेला. जायच्या आदल्या रात्री हिने पिठलं केले होते.