दुधाची वही

माझ्या मुलीच्या उशाशीं एक वही असते. तींत वेळ आणि माप यांपलीकडे कांहीं नाहीं: पहांटे ३ वाजतां ७० मिलिलिटर, ६ वाजतां ९०.

तिच्या बाळाची टाळू जन्मतःच दुभंगलेली आहे. तोंड आणि नाक यांमधला पडदा अपुरा असल्यामुळें ओढ बसत नाहीं. बाळ अंगावर लागतें, चोखतें, आणि पोट रिकामेंच राहतें. म्हणून विजेच्या यंत्रानें दूध काढावयाचें आणि मऊ बाटली हलकेच दाबून तें बाळाच्या तोंडांत सोडावयाचें. पहिल्या महिन्यांत हें दिवसरात्र मिळून आठ वेळां चाले. रात्रीची पाळी चुकवून भागत नाहीं. दूध निर्माण करणारा अंतःस्राव रात्रींच अधिक असतो. शरीर मोठें हिशेबी आहे. उरलेलें पाहून तें पुढचें कमी करतें.

या कामाला म्हणावें काय, हा प्रश्न तीस वर्षें शब्दांवर पोट भरणाऱ्या मला पडला. ‘पाजणें’ म्हणावें, तर पाजणें त्यांत नाहीं. ‘दूध काढणें’ म्हटलें, कीं गोठा आठवतो. मुलीनेंच तोड काढली. पाहुणे बसले असतांहि ती सरळ म्हणते, “बाबा, धारेची वेळ झाली,” आणि आंत जाते. मग एखादी आत्या हमखास विचारते, “म्हणजे पोरगी अंगावर पाजीत नाहीं कीं काय?” पाजणाऱ्या आईला निदान बाळाच्या डोळ्यांत पाहतां येतें. हिच्यासमोर घरघरणारें यंत्र, आणि पान्हा फुटावा म्हणून हातांत बाळाचें झबलें!

पण मीं तरी काय शहाणपण दाखविलें? चौथ्या महिन्यांत तिच्या डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें पाहून मीं म्हटलें, “पोरी, पुष्कळ झालं. डब्याच्या दुधावरहि मुलं वाढतात.” तें खोटें नव्हतें. ती म्हणाली, “बाबा, टाळू शिवेपर्यंत माझ्या हातांत एवढंच आहे.” शस्त्रक्रिया नऊ महिने भरल्यावरच व्हावयाची आहे. त्या दिवसापासून बाटल्या उकळण्याचें काम मीं मागून घेतलें.

एके पहांटे माझ्याच कोपराचा धक्का लागून भरलेली बाटली ओट्यावर लवंडली. मी चोरासारखा उभा राहिलों. ती कांहींच बोलली नाहीं. फडकें माझ्या हातीं दिलें, आणि वहींत ८० च्या आंकड्यापुढें लिहिलें, ‘सांडलें. बाबा.’

आतां तिसरी वही चालू आहे. माझें नांव अजून त्या एकाच ठिकाणीं आहे.