गवतावरचे कापड

सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रांना ‘शांत’ हे विशेषण इतके सहज चिकटते, की ती शांतता आली कुठून, हे विचारायचे राहूनच जाते. याकोब व्हान रॉइसडालचे हार्लेमचे दृश्य घ्या. १६७० नंतरच्या काही वर्षांत रंगवलेले हे लहानसे चित्र आता द हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्याचा निम्म्याहून कितीतरी अधिक भाग ढगाळ आभाळाने व्यापला आहे. खाली सपाट शिवार, क्षितिजावर सेंट बाव्होचे चर्च, आणि अलीकडे उन्हाच्या तिरिपीत काही पांढरे पट्टे. ते पट्टे म्हणजे लिननचे कापड. क्षाराच्या पाण्यात उकळायचे, आंबट ताकात भिजवायचे, धुऊन गवतावर अंथरायचे, वाळू लागले की पुन्हा पाणी मारायचे. असे महिनोन्‌महिने केल्यावर त्याला ती शुभ्रता येई. कापड दूरदूरहून येथे येई, कारण समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांतले स्वच्छ पाणी जवळ होते. म्हणजे आपल्याला निवांत वाटणारे ते कुरण खरे तर एक उघडा कारखाना आहे. देशाच्या कितीतरी जमिनीचीही हीच गोष्ट. बेमस्टरचे तळे पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये कोरडे केले, तेव्हा कुठे तिथे गाई चरू लागल्या. ही शांतता निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी राबून मिळवलेली आहे.

यावर कोणी म्हणेल, रॉइसडाल काही जसेच्या तसे रंगवणारा नव्हता. बेंटहाइमचा किल्ला बेताच्या टेकडीवर असताना त्याने तो डोंगरावर चढवला. मग त्याची साक्ष कशी धरायची? पण स्थळात हवा तो फेरफार करणाऱ्याने ऊन कुठे पाडले, हीच तर साक्ष. ते त्याने कापडावर पाडले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: राबणारी माणसे मुंगीएवढी आहेत, क्षाराने सोललेले हात दिसत नाहीत, आणि चित्र घेणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला ते पाहायचेही नसावेत. हे मान्यच करायला हवे. मात्र त्याच शतकात यान बोथसारखे डच चित्रकार इटलीतील सोनेरी संध्याकाळी रंगवत होते. त्या उसन्या उजेडापेक्षा घरच्या कामाच्या जागेला चित्राच्या मोलाचे ठरवणे, ही साधी निवड नव्हे. रॉइसडालने कष्ट दूर ठेवले, पण पुसले नाहीत. म्हणून या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा आभाळ जरा नंतर पाहा. आधी ते पांढरे पट्टे पाहा.